सासऱ्यांच्या रायफलीला बसवलेल्या चासीविषयी खुलासा

ओराशेवो, वाल्येवोच्या वरच्या अंगाला
ऑक्टोबर सरता सरता

आदरणीय विदोयेदादा यांस,

तुमच्या बहिणीने हौसेने निवडलेल्या आणि तुमच्या वडिलांनी अजूनही मंजूर न केलेल्या घरजावयाचा, म्हणजे तिहोमीरचा, मनापासून नमस्कार. इकडे सर्वजण ठीक. तिकडे लिंझला तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? रोझविटावहिनींचा गुडघा वाकायला लागला का? लागला असल्यास फार वाकवू देऊ नका. डॉक्टरांना एकदा दाखवून झालं की गुडघ्याला फार मान द्यायचा नसतो, तो डोक्यावर बसतो. तुमची बहीण देसांका खुशाल आहे. तिची यंदाची भाजलेल्या मिरच्यांची चटणी अख्खं गाव वाखाणतंय, आणि ज्यांनी वाखाणली त्यांच्या घरी एकेक बरणी गेल्यामुळे आम्हाला चाखायला मिळालेली नाही. बाबांची तब्येत तर इतकी उत्तम आहे की मला काळजी वाटते.

त्या तब्येतीविषयीच लिहायला बसलोय. बाबांचा तुम्हाला फोन आला असेलच. (ते तुम्हाला फोन करतात ते कुलसंताच्या सणाला, नाहीतर मला शिव्या घालायच्या असल्या की, आणि कुलसंताचा सण वर्षातून एकदाच येतो.) "तुझ्या त्या दातवाल्या मेहुण्याने माझी रायफल लोखंडी पलंगावर झोपवली," असं त्यांनी सांगितलं असणार. दादा, पलंग लोखंडी नाही, ॲल्युमिनियमचा आहे. आणि तो पलंगही नाही, त्याला चासी म्हणतात. बाकी मजकूर खरा आहे. पण तो कसा खरा झाला ते क्रमाने सांगतो, कारण बाबा गोष्ट नेहमी शेवटाकडून सांगतात आणि मध्येच त्यांना बकऱ्यांकडे बघायला जावं लागतं.

आलुबुखाराच्या झाडावरून पडल्यापासून बाबांची मान वाकत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. खांदाही फार वेळ वजन धरत नाही. रायफल खांद्याला लावायची म्हणजे गाल दस्त्यावर टेकवून दुर्बिणीत बघावं लागतं, आणि बाबांचा गाल काही केल्या दस्त्यापर्यंत उतरेना. दुर्बिणीत त्यांना नुसतं काळं कडं दिसायचं. आधी त्यांनी दुर्बीण बदलली. मग चष्मा बदलला. मग "हल्ली काचाच वाईट येतात" असं जाहीर करून, आपली टोपी परसातल्या बुजगावण्याला घातली आणि रायफल माझ्या हातात दिली. देताना तोंड दुसरीकडे होतं. त्यानंतर ते दाराशेजारच्या बाकावर जे बसले ते बसलेच. येणाऱ्याजाणाऱ्याच्या चालण्यावर शेरे मारायचे, ते शेरेही हळूहळू कमी झाले. बाबा शेरे मारत नाहीत म्हणजे घरात कोणी आजारी असल्यासारखं वाटतं हो. देसांका रोज त्यांच्यासमोर मुद्दाम वाकडी झाडू मारून बघायची. एक शब्द नाही.

रायफल तुमच्या ओळखीची आहे. बोल्ट मागेपुढे ओढून चालवायची, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, आणि त्या दस्त्यावर बाबांनी स्वतः कोरलेलं हरीण. (हरीण हे मी तुमच्या वडिलांच्या शब्दावर लिहितोय. आमच्या शिकारी संघातले लोक त्याला पाद्री म्हणतात, कारण त्याला दाढी आहे.) ही चीज घेऊन मी पहिल्यांदा रानडुकरांच्या हाकाऱ्याला गेलो, आणि टेहळणीच्या मचाणावरून उतरताना शेवटची पायरी नव्हतीच. रायफल रिकामी होती, काडतुसं खिशात होती, एवढी अक्कल मला आहे. ती मी आधी दोरीने खाली सोडून गवतात नीट आडवी निजवली होती, म्हणजे पडू नये म्हणून. आणि मग मी तिच्यावर बसलो. आवाज आला तो माझ्या माकडहाडाचा असावा अशी मी मनापासून प्रार्थना केली. तो दस्त्याच्या मानेचा होता. जिथे मूठ धरतात तिथे उभी भेग, आणि ती नेमकी पाद्र्याच्या दाढीतून गेलेली.

आता दुसरा कोणी असता तर सुताराकडे गेला असता. पण मी कवळ्या करतो, दादा. माझ्या कारखान्यात या तालुक्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तयार होतं. चिकटवणं, घासणं, गुळगुळीत करणं हा माझा हातखंडा. मी विचार केला, जे ॲक्रिलिक ग्वोझ्देनच्या तोंडात कडक वाळलेलं मांस चावताना टिकतं, ते लाकडात का टिकू नये? टिकलं असतंही. फक्त ते हिरडीसाठी बनवलेलं असल्यामुळे गुलाबी असतं. मी ते वरून अक्रोडी रंगाने रंगवलं. पहिल्या पावसात रंग गेला, आणि बाबांची रायफल मान उघडी टाकून सगळ्या संघासमोर हिरड्या दाखवत हसायला लागली.

ग्वोझ्देन आमच्या शिकारी संघाचा अध्यक्ष, हे तुम्ही जाणताच. माणूस अध्यक्ष आहे याचं त्याच्या बायकोलाही आश्चर्य वाटतं. त्याने माझी रायफल हातात घेतली, गुलाबी भेगेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हिला झोपताना ग्लासात ठेवतोस का रे?" लोक इतके हसले की हाकारा अर्धा तास लांबला आणि डुकरं चालत शेजारच्या तालुक्यात गेली. त्या दिवसापासून रायफलचं नाव कवळी. पुढच्या सरावाला तिसऱ्याच गोळीला भेग पुन्हा उघडली, आणि माझी गोळी माझी निशाणाची पाटी सोडून शेजारच्या पाटीला लागली. ती नेमकी मधोमध लागल्यामुळे शेजाऱ्याने ती स्वतःच्या नावावर घेतली.

घरी आलो तर बाबा बाकावर. मी रायफल लपवायचा प्रयत्न केला, पण रायफल ही लपवण्यासाठी लांब वस्तू आहे. त्यांनी ती मागितली, भेग पाहिली, गुलाबी रंग पाहिला. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. मी त्याची वाट बघत उभा राहिलो, कारण आभाळ कोसळलं असतं तर निदान बाबा पूर्वीसारखे झाले असते. त्यांनी रायफल मला परत दिली आणि एवढंच म्हणाले, "असू दे. आता कोणाला लागतेय."

दादा, तेव्हा मी ठरवलं की हिला नवा दस्ता, आणि तोही असा की पुन्हा मी बसलो तर मी मोडेन, तो मोडणार नाही.

वाल्येवोत झिवादिनचं दुकान आहे. हा झिवादिन बोलतो फार. त्याच्या दुकानात तुम्ही काडतुसांसाठी गेलात तर येताना तुम्हाला त्याच्या मेहुणीच्या घटस्फोटाची सगळी कलमं पाठ झालेली असतात. त्याने मला समजावलं की हल्ली लाकडाच्या दस्त्यांचे दिवस गेले. नळी आणि बोल्टचा सांगाडा लाकडातून काढायचा आणि ॲल्युमिनियमच्या चासीत पेचांनी कसायचा, जसा ट्रक चासीवर बसतो तसा. मग ना पावसाने फुगणं, ना उन्हाने वाकणं. मी म्हटलं, द्या एक. तो माझ्याकडे अशा दयेने बघायला लागला की मी दुकानात चड्डीवर आलोय की काय असं मला वाटलं. "एक म्हणजे कुठली? तुझा बोल्ट लांब की आखूड? मॅगझिन खालून लागतं की वरून भरतोस? उजवा की डावा? डोंगर चढणार की पडून कागदावरचं निशाण मारणार?" यातला शेवटचा प्रश्न सोडून मला एकाचंही उत्तर येईना. लग्नाआधी तुमच्या बहिणीविषयीसुद्धा मला इतकं कोणी विचारलं नव्हतं. घरी परतलो, देसांकाच्या शिवणाच्या टेपने बोल्टची लांबी मोजली, मॅगझिनचं तोंड वहीच्या कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

भिंतीवर तीन चाश्या टांगलेल्या होत्या. मी जी पहिली उचलली ती उचलली गेली नाही. "ही खरी," झिवादिन म्हणाला. "हिच्यावर रायफल हलतच नाही." हलत नाही हे मला फार भावलं, कारण माझ्या हातात सगळंच हलतं. घेतली. पेच कसले (पेच किती जोराने कसायचे यासाठी वेगळा पाना मिळतो, तो कट् असा आवाज करून थांब म्हणतो, असा एक पाना आपल्या घरातल्या प्रत्येकाला हवा), आणि रविवारी ती घेऊन डोंगरावर निघालो. अर्ध्या चढावर माझी जीभ बाहेर, तीन चतुर्थांश चढावर मी रायफलला बाळासारखं दोन्ही हातांत घेतलेलं, आणि माथ्यावर ग्वोझ्देन उभा. "नांगर आणलास ते बरं केलंस," तो म्हणाला, "इथे बटाटे लावावेत असं मी कधीचं म्हणतोय." त्या दिवशी डुक्कर आलं. मी रायफल खांद्यापर्यंत नेईपर्यंत ते गेलं. जाताना थांबून वळून बघितलं असं संघाचं म्हणणं आहे. मी ते नाकारतो.

झिवादिनने बदलून दिली. दुसरी हलकी होती आणि तिचा मागचा भाग बिजागरीवर दुमडायचा, म्हणजे गाडीत ठेवायला सोयीची. देसांकाने पाहिली आणि म्हणाली, "शिलाई मशीनचा पाय कुठून उपटून आणलास?" तरी मी खूश होतो. मी ती स्वयंपाकघरात इतक्या वेळा उघडली आणि मिटली की मांजर घर सोडून गेलं. पण बिजागरी उघडल्यावर एक खटका दाबून बसवायचा असतो, आणि रानात समोर डुक्कर असताना माणसाला खटका आठवत नाही. मी मोठ्या रुबाबात रायफल खांद्याला टेकवली, मागचा भाग आज्ञाधारकपणे दुमडला, आणि मी हातात नुसती नळी धरून, रिकामा खांदा पुढे काढून, कोणीतरी मला नाचायला बोलावल्यासारखा उभा. गोळी सुटली नाही, देवाची कृपा. हसणं मात्र थेट खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेलं, बस थांबली.

तेव्हा तिसरी. ही ना नांगर, ना शिलाई मशीन. मागचा भाग पक्का, पण त्यात दोन पेच: एकाने गालाखालची पट्टी वरखाली होते, दुसऱ्याने दस्ता लांब-आखूड होतो. झिवादिन म्हणाला, ज्याची जशी मान तशी पट्टी. मी माझ्या मापाने लावली, घरी आणली, जेवणाच्या टेबलावर ठेवली. बाबा बाकावरून उठून आत आले. रायफलभोवती एक फेरी मारली. मग कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलले. म्हणाले, "जावईबुवा, ही इस्त्रीची फळी आहे."

देसांका चुलीशी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरले. आम्ही दोघांनी एकदम ओळखलं, गाडी सुरू झाली.

आणि काय सुरू झाली हो. सकाळी उठलो की चहाआधी इस्त्रीची फळी. कामावर जाताना, "तुझी ती दवाखान्यातली खाट कुलपात ठेवलीस ना?" जेवताना पाद्रीबाबांना बोलावून (खरे पाद्री, दस्त्यावरचे नव्हे), "फादर, या भोकाभोकांच्या वस्तूला पवित्र पाणी शिंपडा, पण टिकणार नाही, सगळं भोकांतून गळेल." पाद्रीबाबांनी शिंपडलं. ते राकिया दारूचे पाच पेले झाल्यावर ट्रॅक्टरवरही शिंपडतात. अक्रोडाचा जुना दस्ता देसांकाने स्वयंपाकघरात टांगला, पाद्र्याच्या शिंगांवर ठोकलेल्या खिळ्यांना आता डाव लटकतात.

पण एक गोष्ट मला कळेना. मी पट्टी माझ्या मापाने लावायचो, आणि पुढच्या वेळी कपाट उघडलं की पट्टी वर चढलेली, दस्ता आखडलेला. मी म्हटलं, पेच सैल होतात. पुन्हा लावले. पुन्हा वर. मी झिवादिनला फोनवर इतकं बोललो की त्याने मेहुणीचा विषय काढायचं धाडसही केलं नाही. मग मी पेचांना कारखान्यातला चिकट डिंक लावला, हातांना घाम फुटेपर्यंत घट्ट केले. दोन दिवसांनी बघतो तर पट्टी वर, आणि डिंक अगदी स्वच्छ पुसून काढलेला. दादा, पेच आपोआप सैल होतात, हे मी मानेन. पेच आपोआप स्वच्छ होत नाहीत.

त्याच आठवड्यात एकदा कारखान्यातली वीज गेली आणि मी दुपारीच घरी आलो. फाटकातून आत शिरतोय तोच आलुबुखार वाळवायच्या खोपटामागून खट्ट आवाज आला. मग बोल्ट ओढल्याचा. मग पुन्हा खट्ट. कपाटाची दुसरी किल्ली बाबांकडे असते, परवानाही त्यांनी कधी परत केलेला नाही, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि डोक्यात येणं यात माझ्या बाबतीत नेहमीच बरंच अंतर असतं. मी खोपटाच्या कडेने बघितलं. बाबा जुन्या टेबलाशी स्टुलावर ताठ बसलेले. पुढे घेवड्याचं पोतं, त्यावर रायफलची नळी, चेंबर रिकामं. मान अजिबात वाकवलेली नाही. पट्टीच वर येऊन त्यांच्या गालाला लागलेली. समोर कुंपणावर एक मडकं उपडं होतं. बाबा श्वास अर्धा सोडत, थांबत, चाप ओढत. खट्ट. मग ओठांनीच "धाड" म्हणत. पंच्याहत्तरी उलटलेला माणूस, तोंडाने धाड म्हणत होता.

मला तिथे उभं राहवेना आणि निघताही येईना. शेवटी माझा पाय बादलीवर पडलाच. बाबांनी न वळता (वळता येतच नाही त्यांना) टेबलावरचं काहीतरी तोंडात घातलं आणि म्हणाले, "काय आहे? मडकं कधी बघितलं नाहीस?"

"वीज गेली, बाबा."

"मग मेणबत्ती लाव. इथे ऊन आहे." आणि थोड्या वेळाने, "ह्या फळीचा हा एक पेच बरा आहे. बाकी सगळा कचरा."

मी आत गेलो आणि देसांकाला सांगितलं. तिने मला आधीपासून माहीत असल्याचं सांगितलं. डिंक तिनेच गरम पाण्याने काढून दिला होता. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, "तुझ्या चेहऱ्यावर काही लपत नाही. तुला कळलं असतं तर ते उठून पुन्हा बाकावर गेले असते." बरोबर बोलली. तिच्या या सवयीने मी फार हैराण आहे.

पुढच्याच रविवारी संघाची वार्षिक नेमबाजी होती. बक्षीस नेहमीचंच: अख्खं कोकरू भाजतात, ते सगळे मिळून खातात, जिंकणाऱ्याला मुंडकं. तुम्ही लहान असताना ते मुंडकं वर्षानुवर्षं आपल्याच घरी यायचं म्हणे. हल्ली ग्वोझ्देन नेतो. मी नाव दिलं होतं, पण पट्टीला हात लावला नाही. बाबांच्या मापावरच राहू दिली. त्या मापावर मला दुर्बिणीत स्वतःच्या पापण्यांखेरीज काही दिसत नव्हतं. माझ्या पहिल्या गोळ्यांनी पाटीच्या मागच्या मातीत छान रांग धरली. बाबा बुजगावण्याची टोपी परत घालून प्रेक्षकांत उभे होते, आणि प्रत्येक गोळीला त्यांचे खांदे हलत होते. हसत होते की काय, ते मी बघितलं नाही.

शेवटच्या फेरीआधी मी उठलो आणि म्हटलं, "माझी फेरी बाबा मारतील."

ग्वोझ्देन म्हणाला, नियमात बसत नाही. मी म्हटलं, नियम दाखव. नियमांचं पुस्तक त्याच्या घरी टेबलाच्या आखूड पायाखाली होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मग तो बाबांकडे वळला आणि, दादा, आवाज जरा उतरवूनच म्हणाला, "ओब्रादकाका, राहू द्या ना. उगाच कशाला. मान दुखेल."

तोपर्यंत बाबा "त्या खाटेला मी हात लावणार नाही" असं मोठ्याने म्हणत होते. हे ऐकल्यावर थांबले. टोपी काढून देसांकाला दिली. माझ्यापाशी आले, तोंडात बोटं घातली, मी केलेली कवळी, वरची आणि खालची, काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "धव," म्हणाले. धर म्हणायचं होतं. दातांशिवाय त्यांचा गाल आत जातो, आणि त्या आत गेलेल्या गालाचंच ते माप होतं. म्हणून पट्टी इतकी वर होती.

स्टूल मागवलं. बसले. ताठ. मैदानात बँडवाले होते, त्यांनी वाजवायचं थांबवलं, आणि हे बँडवाले प्रेतयात्रेतही वेळेवर थांबत नाहीत. मी हातात ओले दात घेऊन उभा. पहिली गोळी गेली, आणि पाटीशी उभा असलेल्या माणसाने झेंडा वर केला, मधोमध. बाबांनी बोल्ट ओढला. दुसरी. झेंडा वर. तिसरीला त्यांनी इतका वेळ घेतला की खांदा खाली उतरताना मला दिसला. मला वाटलं आता खाली ठेवतील, आणि मी इतक्या जोरात मूठ आवळली की खालच्या कवळीची एक दाढ माझ्या तळव्यात रुतली. गोळी सुटली. झेंडा वर गेला नाही, थोडा उजवीकडे हलला. कडेला होती. पण पाटीवर होती, आणि प्रत्येकाची एकच चांगली फेरी मोजतात, त्यामुळे तिन्ही मिळून ही फेरी ग्वोझ्देनच्या सगळ्यात चांगल्या फेरीपेक्षा सरस ठरली.

लोक ओरडले, बँड एकदम दोन वेगळी गाणी वाजवायला लागला. बाबा उठले नाहीत. रायफल मांडीवर आडवी घेऊन, त्या चासीच्या भोकांवरून अंगठा फिरवत बसले. मग ग्वोझ्देन आला, त्याने टोपी काढली आणि हात पुढे केला. तोही जरा ओशाळला होता, आणि ते त्याला शोभलंही. बाबांनी माझ्याकडे हात केला, दात मागितले, नीट बसवले, आणि मगच म्हणाले, "ग्वोझ्देन, तू अजून लाकडावरच आहेस का रे?"

मुंडकं घरी आलं. त्यातलं जिभेचं मांस बाबांनी माझ्या ताटात वाढलं, आणि मी आभार मानायच्या आत म्हणाले की त्यांना जीभ आवडत नाही.

तेव्हापासून ते बाकावर बसत नाहीत. रोज डोंगरावर जातात. चासी घेण्याची कल्पना त्यांचीच होती, मी नुसता वाल्येवोला हमालीला गेलो होतो, असं गावात सर्वत्र समजलं जातं. मी आक्षेप घेतला नाही. कपाटाची माझी किल्ली देसांकाच्या चटणीच्या रिकाम्या बरणीत गेली आहे आणि बरणी कुठे गेली ते कोणी सांगत नाही. असो. झालं हे असं. लहानांना (म्हणजे तुमच्या कुत्र्याला) आशीर्वाद, वहिनींना नमस्कार, गुडघ्याला दटावणं.

तुमचा,
तिहोमीर

ता. क. खरं सांगायचं तर पत्राचं कारण वेगळं आहे. डुकरांचा हंगाम तोंडावर आलाय आणि माझ्याकडे रायफल नाही. तुम्ही बाबांना डिसेंबरभर लिंझला बोलवून घ्याल का? ट्राम दाखवा, केक खायला घाला. एक महिना पुरे. चासीची पट्टी मी त्यांच्या मापावर परत लावून ठेवीन, त्यांना कळणारही नाही.

ता. क. दुसरा. देसांकाने वरचं वाचलं. ती म्हणते, बाबांना लिंझला पाठवायचं नाव जरी काढलंस तर ट्राम बघायला तूच जाशील, आणि परतीचं तिकीट कोणी काढणार नाही. तेव्हा मागील विनंती रद्द समजावी.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात बाबा आले. नाकावरचा चष्मा शोधत टेबलाभोवती घुटमळले. मग विचारलं, "त्या विदोयेचे हात किती लांब आहेत रे?" मी म्हटलं, मला काय माहीत. म्हणाले, "मलाही नाही माहीत. फोनमध्ये नुसतं तोंड येतं, तेही निम्मं कपाळच." मी आठवण करून दिली की तुम्ही कधी रायफलीला हात लावत नव्हता, आणि त्यावरूनच तुमचं दोघांचं फाटलं होतं. त्यांना चष्मा नाकावर सापडला, तो काढून त्यांनी शर्टाला पुसला. मग म्हणाले, "लाकडी दस्ता मी माझ्या मापाने तासला होता, त्या पोराला तो कधी बसलाच नाही. त्यात पोराची काय चूक. हा दस्ता कोणालाही बसवता येतो." तरी कोपर वाकवून, कोपराच्या खळगीपासून चापाच्या बोटाच्या पेरापर्यंतचं माप वहिनींकडून घेऊन पाठवावं, आणि बर्फ पडायच्या आत मापाच्या मागोमाग स्वतः यावं. तुमची आठवण वगैरे येते म्हणून नव्हे. पेच अधूनमधून फिरवले नाहीत तर जाम होतात, एवढंच कारण आहे, असं मुद्दाम लिहायला सांगितलंय.